वादळ, पंचनामा आणि वही

वादळ हा कोकणचा विषय, घाटावरच्या माणसाला त्याचे काय, अशी आम्हां मावळकरांची फार दिवसांची समजूत होती. समुद्र खाली, आपण वर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. ३ जून २०२० रोजी दुपारनंतर ही समजूत घरांच्या पत्र्यांबरोबर उडाली. आम्ही त्या दिवशी सुदुंबऱ्यातच होतो. कोरोनाच्या टाळेबंदीतून चाकण-तळेगावच्या पट्ट्यातले कारखाने नुकते कोठे एकेका पाळीत सुरू होत होते. त्यात वादळाची सूचना आल्यामुळे बहुतेक माणसे घरीच होती. सकाळपासून पाऊस लागला होता, त्याचे नवल नव्हते. नवल वाटले ते वाऱ्याच्या आवाजाचे. मोठा प्रेस चालू असता त्याचा ठोका कानाला लागण्याआधी छातीला जाणवतो, तसा तो जाणवत होता. शेजारच्या गोठ्यावरचा पत्रा खिळ्यांसकट उचलला गेला आणि दोन शेते ओलांडून उसात जाऊन पडला. पवन मावळात गुलाबाची पॉलिहाऊसे फाटली, सांगाडे वाकले. त्यांवरचे बँकेचे कर्ज तेवढे जागच्या जागी राहिले. दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती. आमच्याकडे एके ठिकाणी बायकांनी आडव्या पडलेल्या वडालाच सूत गुंडाळले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

हे वादळ येथवर आले कसे, ते आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून अधिक तापले म्हणजे त्यावरची हवा ऊन व दमट होऊन वर चढू लागते. खाली हवेचा दाब कमी होतो आणि ती जागा भरावयास चोहोकडून वारा धावतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे तो सरळ न येता वळत येतो, आणि आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने भोवरा धरतो. वर गेलेल्या वाफेचे पाणी होताना तिच्यातली उष्णता बाहेर पडते; तीच या यंत्राचे सरपण. जमिनीवर आले की सरपण तुटते. पण बॉयलरखालचा जाळ ओढून काढला तरी आतली वाफ काही वेळ टिकते, हे आमच्या कामगार बंधूंना सांगावयास नको. ‘निसर्ग’ हे वादळ त्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस, दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, झोत त्याहूनही जोराचे होते. तेथून ते ईशान्येकडे वळले आणि रायगड ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरले. सायंकाळपर्यंत ते पुष्कळ मवाळ झाले होते. आम्ही जे अनुभवले ती उरलेली वाफ होती. मग खाली काय झाले असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचविलेले, २०२० साली जाहीर झालेल्या नव्या यादीतले पहिले. नाव इतके सौम्य ठेवू नये असे आमचे मत आहे. आमच्या आळीतली म्हातारी माणसे ते ऐकून निर्धास्त बसली होती.

सुदुंबऱ्याच्या माणसाला वादळाची बातमी आणखी एका वाटेने कळते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आमच्या गावी आहे. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ सालचा. त्यानंतर हे दल उभे राहिले. नारिंगी गणवेशातले जवान गाड्यांत होड्या, दोर, करवती भरून निघाले म्हणजे कोठे तरी पाणी चढले किंवा इमारत बसली, हे गावातली पोरेसुद्धा ओळखतात. त्या जूनमध्ये या दलाच्या तुकड्या कोकणात होत्या. किनाऱ्यावरची माणसे आधी हलविणे, मग रस्त्यावर आडवी पडलेली झाडे कापून वाट मोकळी करणे, हे त्यांचे काम. त्यात ते तरबेज आहेत आणि त्याबद्दल त्यांना द्यावे तेवढे श्रेय थोडे. परंतु दलाचे काम तासांचे आणि दिवसांचे असते. वाट मोकळी झाली की गाड्या परत येतात. आम्हांला बोलावयाचे आहे ते गाड्या परत आल्यानंतरच्या काळाविषयी, आणि तेही घरे व झाडे यांच्याविषयी कमी, आणि कलेवर पोट असणाऱ्या मजुरांविषयी अधिक. कारण घरे व झाडे यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे.

जूनअखेर संघटनेची आमची पाच माणसे पास काढून टेम्पोने खाली उतरली. लोणावळा, खोपोली आणि मग पेण. वादळ ज्या बाजूने वर आले त्याच बाजूला आम्ही उलटे उतरत होतो. श्रीवर्धन-मुरुडकडे मदतीचे लोक पुष्कळ जात होते. तेथल्या वाड्या पाहणाऱ्याचे मन पिळवटून जावे अशा झाल्या होत्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीची उंच, सडपातळ झाडे एकावर एक अशी कलली होती, आणि सुपारीचे रोप लावून पीक हाती यावयास सहा-सात वर्षे लागतात. पण आम्ही पेणला गेलो, कारण आमच्यापैकी एकाची बहीण तिथल्या एका गणपतीच्या कारखान्यात कामाला होती आणि तिचा निरोप आला होता. समाजकार्याची पुष्कळ कामे अशीच सुरू होतात. नंतर अहवालात त्यांना कारणे जोडतात.

पेणचा गणपती आपणां सर्वांना ठाऊक आहे. पेण शहर आणि भोवतालची हमरापूर, जोहे, कळवे ही गावे मिळून मूर्तींचे शेकडो कारखाने आहेत. या धंद्याला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. देवधर घराण्याचे नाव त्याच्या आरंभाशी जोडले जाते. मुंबई-पुण्यात आणि परदेशच्या मराठी घरांत बसणाऱ्या कितीतरी मूर्ती येथून जातात. ‘कारखाना’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत, कारण तेथले लोक तोच वापरतात, आणि तो खरा आहे. शाडूची माती गुजरातेतून येते. ती भिजवून, मळून साच्यात दाबतात. प्लास्टर असेल तर काथ्याचा आधार देऊन ओततात. साच्यातून निघाल्यावर हात, सोंड, कान जोडणे, मग वाळविणे, घासणे, पांढरा हात देणे, मग अंगाचा रंग, सोवळे, दागिने, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा हात वेगळा असतो. इतर दहा कामे करणारा माणूस आखणीला हात लावीत नाही. डोळा चुकला की मूर्ती पाहणाऱ्याकडे न बघता भिंतीकडे बघू लागते, आणि गिऱ्हाईक का घेत नाही हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. घासकाम आणि रंगकाम यांत बायका पुष्कळ. मजुरी बहुधा नगावर, आणि मोसमाच्या आधी घेतलेली उचल त्यातून वळती. म्हणजे कला म्हणा, देवकार्य म्हणा. हिशेबाच्या दृष्टीने हे नगावरचे मजूर.

जूनच्या आरंभी हे कारखाने कोणत्या अवस्थेत असतात ते ध्यानात घेतले पाहिजे. वर्षभर केलेला कच्चा माल फळ्यांवर रचलेला असतो, रंगाला नुकता जोर येत असतो. शेडी बहुतेक पत्र्याच्या. पत्रा उडाला म्हणजे पाऊस थेट देवाच्या मस्तकावर. शाडूची कच्ची मूर्ती पाण्यात पुन्हा माती होते. साऱ्या वर्षाची मेहनत जमिनीवर चिखल होऊन पसरते. प्लास्टरची विरघळत नाही, पण ओल धरते, डाग पडतात, रंगवलेली असेल तर पापुद्रे सुटतात. ती पुन्हा वाळवून पुन्हा घासावी लागते. वाळवायचे कोठे? वीज गेलेली, हवा ओली. आम्ही गेलो तेव्हा एका देवळाच्या सभामंडपात शे-दीडशे गणपती दाटीवाटीने उभे होते आणि खुद्द देवळातला देव त्यांच्या मागे दिसेनासा झाला होता.

येथे आमची एक चूक सांगतो. आम्ही टेम्पोत भरून नेले होते तांदूळ, तेल आणि साबण. संकट म्हटले की शिधा, हे आमच्या डोक्यात पक्के. तेथल्या एका कारागिराने हात जोडून माल उतरवून घेतला आणि मग हळूच म्हटले, “दादा, उपकार झाले. पण ताडपत्री आणली असती तर मूर्ती वाळल्या असत्या, आणि तांदूळ आम्हीच विकत घेतला असता.” पंचवीस-तीस वर्षे कामगारांत वावरून आम्हांला हे सुचले नव्हते! दुसऱ्या खेपेस ताडपत्री, घासायचे पॉलिशपेपर आणि जुने पंखे नेले. पत्र्यांचा भाव इतका चढला होता की ते थोडेच परवडले.

३ जून ते २२ ऑगस्टची गणेशचतुर्थी, मध्ये ऐंशी दिवस. त्यांत वादळ हे एकच संकट नव्हते. मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली आणि तयार मालाची ओरड झाल्यावर ती वर्षभर पुढे ढकलली गेली. जुलैत राज्य सरकारने साथीमुळे सार्वजनिक मूर्ती चार फुटांची, घरची दोन फुटांची, अशी मर्यादा घातली; मोठ्या मूर्ती करून बसलेल्यांचे हात कपाळाला लागले. या निर्णयांच्या बऱ्यावाईटात आम्ही शिरत नाही. नदीत प्लास्टर जाऊ नये हे आम्हांलाही पटते. सांगावयाचे इतकेच की त्या ऐंशी दिवसांत ही गावे उभी राहिली ती एकमेकांच्या शेडी वापरून. ज्याचा पत्रा शाबूत त्याच्या छपराखाली तिघांचा माल. एका कारखान्याचा आखणीवाला रात्री दुसऱ्याकडे. धंद्यातली चुरस त्या मोसमापुरती थोडी बाजूला राहिली. नाहीशी झाली असे म्हणणे खोटे होईल.

आता पंचनाम्याकडे येऊ. वादळ ओसरले की तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात आणि नुकसान लिहून घेतात. घर पूर्ण पडले की अंशतः, भांडीकुंडी किती, गुरे किती, झाडे किती, होडी आणि जाळी किती. ‘निसर्ग’च्या वेळी सरकारने नेहमीच्या दरांहून हात मोकळा सोडला हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, बागायतीला हेक्टरी पन्नास हजार, आणि वाडीवाल्यांची गुंठ्यांतली जमीन या हिशेबात बसत नाही अशी तक्रार झाल्यावर नारळाच्या झाडाला २५० व सुपारीच्या झाडाला ५० रुपये असा झाडावारी दर ठरला. सुपारीच्या झाडाचे पन्नास रुपये म्हणजे काय, हे सुपारी खाणाऱ्याने ठरवावे. पण झाडाला निदान रकाना मिळाला.

जोह्यात एका शेडीत घासकाम करणाऱ्या एक मावशी होत्या, आमच्याहून थोड्या वडील. पंचनाम्याची मंडळी येऊन गेली होती. आम्ही विचारले, तुमचे काय लिहिले? त्या म्हणाल्या, “शेड मालकाची, गनपती मालकाचे. माजं काय परलं ते कोन लिवनार?” मालकाला दोष देण्याचे कारण नव्हते. तो कर्जात बुडालेला लहान माणूस, त्याच शेडीत त्याची बायको रंगकाम करीत होती. पण मावशींचा प्रश्न अचूक होता. त्यांचे पडले होते अडीच महिन्यांचे काम, आणि कामाला रकाना नव्हता.

वस्तुतः एक रकाना आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. आपत्ती मदतीचे केंद्राचे जे निकष २०१५ साली ठरले, त्यांत हस्तकला व हातमाग कारागिरांसाठी तरतूद होती: बिघडलेल्या हत्यारांसाठी माणशी ४,१०० रुपये, आणि गेलेला कच्चा किंवा अर्धाकच्चा माल यासाठी ४,१०० रुपये. रक्कम अपुरी आहे, तरीही आहे. मेख पुढे आहे. तुम्ही कारागीर आहात असे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केले पाहिजे. नगावर काम करणाऱ्या बाईजवळ हत्यार म्हणजे पॉलिशपेपरचा तुकडा आणि जुना ब्रश, माल दुसऱ्याचा, नाव कोणत्याही नोंदीत नाही. कारखान्यांत पहिली पंधरा वर्षे आम्ही एकाच गोष्टीसाठी भांडलो, ती म्हणजे मस्टरवर नाव. ठेकेदाराचा माणूस अपघातात सापडला की तो त्या दिवशी आत होता हेच सिद्ध होत नसे. येथे तीच गोष्ट पुन्हा, फक्त यंत्राच्या जागी वादळ.

हे सगळे मनात घोळत असता आम्हांला आमच्याच गावची समाधी आठवली. संताजी महाराज जगनाडे हे मूळचे चाकणचे, जातीने तेली, धंदा घाण्याचा. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना होते, आणि त्यांची समाधी सुदुंबऱ्यास आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, ही आपल्या सर्वांची श्रद्धा. त्या श्रद्धेला धक्का न लावता एक गोष्ट सांगता येते. तुकोबांचे अभंग लिहून ठेवण्याचे काम संताजींनी केले, त्यांच्या हातची वही पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, आणि वि. ल. भावे यांनी तिच्या आधाराने १९१९-२० च्या सुमारास गाथा छापली. दिवसा घाणा, रात्री कीर्तन, आणि उरलेल्या वेळात लिहिणे. आम्ही शाळेत सातवीपर्यंत गेलो. पुढचे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, त्यामुळे या माणसाविषयी आम्हांला अंमळ जास्तच आपलेपणा वाटतो, तो वाचकांनी सांभाळून घ्यावा. त्या २०२० साली पायी वारी झाली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका ३० जूनला एस.टी.ने पंढरीस गेल्या. सुदुंबऱ्यात त्या दिवशी टाळ घरोघरी वाजले. आम्हीही वाजविला, जमेल तसा.

तेव्हा जोह्यात आम्ही दोनशे पानी एक वही विकत घेतली. त्यात नाव, गाव, काय काम करतो, कोणत्या कारखान्यात, कधीपासून, रोजचे किती नग, अशा रेघा मारल्या. मावशींनी प्रथम नाव सांगावयास नकार दिला. आपले नाव लिहिले म्हणजे मालक कामावरून काढील ही भीती. मालकानेच जेव्हा आपले व बायकोचे नाव पहिल्या ओळीत लिहविले, तेव्हा दुपारपर्यंत दोन पाने भरली.

कोणी म्हणेल, माणसे बेघर असता तुम्ही गणपती आणि नाचगाणी काय घेऊन बसलात? हा प्रश्न जगात इतरत्रही विचारला गेला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे, वाजंत्रीसाठी प्रसिद्ध. तेथल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांतून जॅझ हे संगीत निघाले. २९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कतरिना’ वादळात तेथले बांध फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. सहा महिन्यांनी तेथला मार्दी ग्रा हा मोठा सण आला. हजाराहून अधिक माणसे गेली असता मिरवणूक काढावी काय, यावर पुष्कळ वाद झाला. मिरवणूक निघाली. पण आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. शहर कोरडे झाले तरी वादक परतेनात, कारण राहावयास जागा नव्हती आणि भाडी वाढलेली. तेव्हा ब्रॅनफर्ड मार्सालिस व हॅरी कॉनिक हे तेथलेच दोन वादक-गायक आणि एक घरबांधणी संस्था यांनी मिळून वादकांसाठी वस्तीच उभारली, बहात्तर घरांची, आणि घर घेणाऱ्याने स्वतःही बांधकामावर राबावे अशी अट घातली. वाजविणारा राहिला नाही तर वाजविणे राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. शहराच्या पाटीवर वाजंत्री रंगविणे सोपे असते.

पेणचेही तसेच आहे. गणपती बंद पडणार नाही. मागणी आहे तोवर कोणीतरी कोठेतरी करीलच. पण आखणीचा हात दोन मोसम रिकामा राहिला तर तो माणूस पनवेलला गोदामात पहारेकरी होतो, आणि गोदामातून कोणी आखणीला परत आलेला आम्ही पाहिला नाही. कोकणातल्या नमन-खेळ्यांचे, जाखडीचे, शिमग्याच्या ढोलकऱ्यांचे असेच म्हणता येईल. मात्र त्यांच्याविषयी आमची माहिती पाहुण्याची आहे, म्हणून थांबतो.

वहीचे पुढे काय झाले ते सांगणे राहिले. तिच्या नकला काढून एका कार्यालयात अर्जासोबत दिल्या. ‘यात कारागीर कोण आणि मजूर कोण ते स्पष्ट करा’ असा शेरा येऊन अर्ज परत आला. शेरा लिहिणाऱ्याने आखणी कधी पाहिली नसावी. पुन्हा दिला, पोच मिळाली, तारखेसह. दरम्यान त्या वर्षीची चतुर्थी झाली, मूर्ती लहान होत्या तरी गेल्या, उचल काहींची फिटली, काहींची पुढच्या मोसमावर चढली. पोच मावशींनी वहीतच चिकटवून ठेवली.

१७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत होते. या खेपेस आम्ही आदल्या दिवशीच जोह्याला फोन केला. शेडीवर ताडपत्री बांधली होती, कच्चा माल भिंतीकडे सरकविला होता. वही कोठे आहे, असे आम्ही विचारण्याआधीच मावशी म्हणाल्या, ती प्लॅस्टिकात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली आहे, आणि तीन नवी नावे लिहावयाची आहेत, तुम्ही कधी येता?